संकेतस्थळाचा पत्ता आणि मराठी अक्षर

महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांपाशी जुन्या ग्रंथांचा आणि नियतकालिकांच्या अंकांचा जो संग्रह आहे, त्याची सूची संगणकावर चढवून सर्वांस खुली करावी, असा विचार अलीकडे पुष्कळ ठिकाणी चालू आहे. काही ठिकाणी कामास आरंभही झाला आहे. सूची करताना लेखकाचे नाव कोणत्या क्रमाने घ्यावे, शके आणि इसवी सन यांची सांगड कशी घालावी, याचा खल आपण मंडळी आस्थेने करतो. परंतु प्रत्येक ग्रंथाच्या पानाला इंटरनेटवर जो पत्ता मिळतो तो कसा लिहिला जावा, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञाचा म्हणून सोडून देतो. आमच्या मते ही वाटणी बरोबर नाही. पत्ता हेही एक लेखनच आहे. त्याला स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःची विरामचिन्हे आहेत, आणि त्यात मराठी शब्द घातला की शुद्धलेखनाचे प्रश्नही उभे राहतात.

हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. मराठी नाव असलेला दुवा उघडत नाही, किंवा ग्रंथ सूचीत असूनही शोधल्यावर सापडत नाही, अशी तक्रार आली की बहुधा एकच सल्ला मिळतो : पत्त्यात मराठी नको, रोमन लिपीत लिहा. सल्ला देणाऱ्याची अडचण खरी असते, पण उपाय फार महाग पडतो. काल, काळ, कल आणि कळ हे चार शब्द सामान्य रोमन लेखनात एकाच रूपाने उतरतात. न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांचा भेद नाहीसा होतो. ज्या संस्थांनी परप्रांतात राहून पिढ्यानपिढ्या मराठी अक्षर जपले, त्यांच्याच सूचीत ग्रंथाचे नाव परक्या लिपीत आणि तेही संदिग्ध रूपात यावे, हे आम्हांस मान्य नाही. तशी गरजही नाही. आणि ती का नाही, हे समजण्यासाठी पत्त्याच्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहावे लागते.

पत्त्याचे दोन भाग मनात वेगळे करावेत. एक भाग न बदलणारा. त्याला आम्ही येथे 'चौकट' म्हणू. दुसरा भाग दर वेळी निराळा. ग्रंथाचे नाव, दाखल क्रमांक, शोधावयाचा शब्द असा. तंत्रज्ञ त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. आम्ही 'मजकूर' म्हणू. उदाहरणार्थ, '/ग्रंथ/शोध/?नाव=ययाति' या पत्त्यात 'ययाति' एवढाच मजकूर आहे, बाकी सारी चौकट. चौकटीतील तिरप्या रेघा पत्त्याचे टप्पे पाडतात; प्रश्नचिन्ह लागले की मार्ग संपून विचारणा सुरू होते; बरोबरचे चिन्ह नाव आणि मूल्य यांना जोडते; दोन विचारणा असल्या तर त्यांच्यामध्ये '&' येतो; आणि '#' च्या पुढे जे काही लिहिले असेल ते ब्राउझर आपल्यापाशीच ठेवतो, सर्व्हरकडे ते जातच नाही. म्हणजे ही चिन्हे पत्त्याची विरामचिन्हे झाली. सारा घोटाळा एका गोष्टीतून उद्भवतो : हीच चिन्हे मजकुरातही येऊ शकतात, आणि वाचणाऱ्या यंत्राला, हे चिन्ह चौकटीचे की मजकुराचे, हे सांगणारे दुसरे काही साधन नसते.

या व्याकरणाचे पहिले नियम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज मान्य असलेले रूप त्यांस २००५ मध्ये मिळाले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे नाव दोन्ही वेळच्या कर्त्यांत आहे. २००५ च्या नियमांप्रमाणे ६६ चिन्हे निर्धोक आहेत : रोमन लिपीतील लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे, रोमन पद्धतीचे १० अंक, आणि संयोगचिन्ह, टिंब, अधोरेषा व नागमोडी रेघ ही ४ चिन्हे. आणखी १८ चिन्हे चौकटीसाठी राखून ठेवली आहेत. बाकी जगातले जे जे अक्षर आहे, मग ते 'अ' असो वा तमिळ 'ழ', ते पत्त्यात जसेच्या तसे प्रवास करू शकत नाही. आणि राखीव चिन्हही मजकूर म्हणून न्यावयाचे असेल तर त्याला वेष पालटावा लागतो. हा वेष म्हणजे टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन खुणा. इंग्रजीत यास पर्सेंट-एन्कोडिंग म्हणतात. आम्ही 'टक्केलेखन' म्हणतो.

टक्क्यापुढच्या दोन खुणा सोळाच्या पटीत लिहिलेली संख्या असते. शून्य ते नऊ हे अंक, आणि दहापासून पंधरापर्यंतसाठी ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे आण्यांचा हिशेब बंद झाला. तो ज्यांच्या कानावर आहे त्यांस ही पद्धत चटकन कळेल. पहिली खूण रुपयांची, दुसरी आण्यांची. 'ई०' म्हणजे चौदा रुपये शून्य आणे, एकूण २२४ आणे. 'एई' म्हणजे दहा रुपये चौदा आणे, एकूण १७४. दोन खुणांत याप्रमाणे शून्यापासून २५५ पर्यंतची कोणतीही संख्या मावते, आणि तेवढ्याच संख्येच्या एका घराला संगणकाच्या भाषेत बाइट म्हणतात. (मुद्रणाच्या सोयीसाठी या लेखात सर्व खुणा नागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्ष पत्त्यात त्या रोमन अक्षरांत व रोमन अंकांतच असतात.)

आता मराठीकडे वळू. युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग पट्टा आहे. केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्या साहाय्याने १९९२ मध्ये योजलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने त्यातील प्रत्येक जागेला तीन बाइट लागतात. पहिला बाइट सर्वांचा 'ई०', दुसरा 'ए४' किंवा 'ए५', आणि तिसऱ्यावरून अक्षर ओळखावयाचे. 'म' म्हणजे '%ई०%ए४%एई', 'र' म्हणजे '%ई०%ए४%बी०', आणि काना म्हणजे '%ई०%ए४%बीई'. येथे एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. आपण 'रा' हे एक अक्षर मानतो. संगणक 'र' आणि 'काना' अशा दोन वस्तू मानतो. त्याच्या हिशेबाने 'मराठी' या शब्दात पाच वस्तू आहेत, त्यांचे पंधरा बाइट, आणि टक्केलेखनात पंचेचाळीस खुणा. कोणी पाठवलेल्या दुव्यात टक्क्यांची लांबच लांब रांग दिसते ती याच कारणाने. तो बिघाड नव्हे. तो मराठी शब्दच आहे, प्रवासी वेषातला. ब्राउझर बहुधा हा वेष स्वतःच चढवतो आणि आपल्या डोळ्यांसमोर मूळ नागरी ठेवतो.

एवढी तयारी झाल्यावर वेब-फ्रेमवर्क कोणते काम करते ते पाहू. फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारण्यासाठी आधीच घडवून ठेवलेला सांगाडा. शाळेच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणारा कारकून असतो. आलेले पाकीट पाहून ते कोणत्या टेबलावर जावयाचे हे तो ठरवतो आणि आतला कागद काढून संबंधितांस देतो. फ्रेमवर्कही पत्ता वाचते, चौकटीवरून कोणते काम आहे हे ओळखते, मजकूर वेगळा काढते आणि त्या कामाच्या हवाली करते. आम्ही येथे जँगो या फ्रेमवर्कचा आधार घेतो. ते पायथन या संगणकभाषेत लिहिलेले असून त्याचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये झाला. २००५ पासून ते सर्वांस मोफत उपलब्ध आहे. बातम्या आणि सूची यांच्या कामासाठीच घडलेले असल्यामुळे ग्रंथसूचीला ते सोयीचे पडते.

मजकुरातील चिन्हे चौकटीत कशी घुसतात याची उदाहरणे शाळेतूनच देता येतील. सूचीत 'कथा & कविता' हे शीर्षक कोणी शोधले आणि ते शब्द प्रश्नचिन्हापुढे तसेच चिकटवले, तर फ्रेमवर्क 'कथा' एवढ्याचाच शोध घेते आणि 'कविता' ही निराळीच विचारणा समजते. '१०+२' लिहिले तर ते '१० २' असे पोहोचते. कारण विचारणेच्या भागात अधिकचिन्ह म्हणजे रिकामी जागा, असा संकेत फॉर्म भरण्याच्या पद्धतीपासून रूढ आहे. 'कोण म्हणतो टक्का दिला?' या संजय पवार यांच्या नाटकाचे नाव मार्गाच्या भागात घातले की शेवटच्या प्रश्नचिन्हाला फ्रेमवर्क विचारणेची सुरुवात समजते; नाव प्रश्नाशिवाय उरते आणि सूचीतल्या नोंदीशी जुळत नाही. '१००% निकाल' या आम्हां मुख्याध्यापकांच्या आवडत्या शब्दांची गत तर आणखी विचित्र होते. टक्क्यापुढे सोळाच्या पटीतील दोन खुणा नाहीत हे पाहून काही सर्व्हर टक्का तसाच ठेवतात, तर काही संपूर्ण विनंतीच सदोष म्हणून परत पाठवतात.

उपाय एकच आहे आणि तो सोपा आहे. मजकूर चौकटीत बसवण्यापूर्वी, आणि फक्त मजकुरालाच, टक्केलेखन करावे. '&' चे '%२६', अधिकचिन्हाचे '%२बी', प्रश्नचिन्हाचे '%३एफ', खुद्द टक्क्याचे '%२५', रिकाम्या जागेचे '%२०'. संपूर्ण पत्ता जोडून झाल्यावर त्याला टक्केलेखन करणे व्यर्थ; तोपर्यंत कोणते चिन्ह कोणाचे हा भेद पुसला गेलेला असतो. आणि हे काम हाताने करूच नये. शब्दाला शब्द जोडून पत्ता तयार करण्याची सवय नवशिक्या तंत्रज्ञांस फार असते. परंतु जँगोमध्ये मार्गाच्या भागासाठी 'रिव्हर्स' नावाची आणि विचारणेच्या भागासाठी पायथनमध्येच 'अर्लएन्कोड' नावाची तयार साधने आहेत. मजकूर आणि चौकट त्यांच्या हाती वेगवेगळी द्यावी, जोडणी त्यांनी करावी. आपण तंत्रज्ञास एवढेच विचारावे, की पत्ता तुम्ही जोडता की फ्रेमवर्ककडून जोडून घेता. उत्तरावरून पुष्कळ कळते.

उकल करतानाही पथ्य आहे. जँगो मजकूर हाती देते तेव्हा तो आधीच उकललेला असतो. 'खात्रीसाठी' म्हणून तो दुसऱ्यांदा उकलला, तर ज्या मजकुरात खरोखरीचा टक्का असेल तो बिघडतो. उलट दिशेने, आधीच टक्केलेखन झालेल्या शब्दाला पुन्हा टक्केलेखन केले तर 'ई०' च्या आधीचा टक्का '%२५' होतो, पत्ता '%२५ई०' ने सुरू होतो, आणि पानावर 'मराठी' ऐवजी टक्क्यांची रांग उमटते. पत्त्यात जागोजाग '%२५' दिसले की दुबार लेखन झाले हे ओळखावे. दुबार उकल तर नुसता बिघाड नसून धोका आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वेब-सर्व्हरमध्ये हाच दोष उघडकीस आला होता : पहिल्या उकलीनंतर सुरक्षेची तपासणी होई, आणि त्यानंतर दुसरी उकल होई. दोनदा वेष चढवलेली तिरपी रेघ तपासणीतून निसटून आत जाई व तेथे खरे रूप प्रकट करी. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पसरलेल्या निम्डा या उपद्रवी प्रोग्रामने घुसण्याच्या वाटांपैकी एक म्हणून हाच दोष वापरला.

तिरपी रेघ हे सगळ्यांत हट्टी चिन्ह. आपल्या दप्तरी ती पावलोपावली येते : '१९५६/५७', 'दाखला क्र. १२/१९५८'. तिचे टक्केलेखन '%२एफ' असे होते खरे, परंतु पायथनच्या परंपरेत सर्व्हर मार्गाचा भाग आधीच उकलून फ्रेमवर्ककडे देतो. त्यामुळे जँगोपर्यंत पोहोचताना वेषातली रेघ आणि चौकटीची रेघ यांत काही फरक उरत नाही. अपाची हा सर्व्हर तर मूळ मांडणीत, मार्गामध्ये '%२एफ' दिसताच 'पान सापडले नाही' असे सांगून मोकळा होतो. शिवाय पायथनचे 'क्वोट' हे टक्केलेखनाचे साधन, स्पष्ट सांगितल्याखेरीज, तिरप्या रेघेला हात लावत नाही. म्हणून ज्या मजकुरात तिरपी रेघ येण्याचा संभव आहे तो मार्गात न घालता विचारणेच्या भागात घालावा. तेथे ती निमूटपणे वागते. मार्गातच हवा असेल तर जँगोच्या मार्गखुणांपैकी 'पाथ' नावाची खूण वापरावी. ती तिरप्या रेघांसह सगळा मजकूर एकत्र घेते. 'स्ट्र' नावाची साधी खूण तिरप्या रेघेपाशी थांबते.

येथे दुसऱ्या एका फ्रेमवर्कचा उल्लेख करणे भाग आहे, कारण लहान संस्थांच्या संकेतस्थळांत ते अद्याप पुष्कळ आढळते. कोडइग्नायटर हे त्याचे नाव. ते पीएचपी या भाषेत आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत पत्त्याच्या दारावर एक रखवालदार बसवलेला आहे. मार्गात चालणाऱ्या चिन्हांची त्याच्यापाशी यादी असते : रोमन अक्षरे, अंक, रिकामी जागा आणि सहा चिन्हे, ज्यांत टक्का आहे. यादीबाहेरचे काही दिसले की निषिद्ध चिन्हे आढळल्याचा निरोप देऊन तो दार लावतो. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाव मार्गात गेले की नागरी अक्षरे टक्क्याच्या वेषात सुखरूप आत जातात, अडकते ते उद्गारचिन्ह. कारण ब्राउझर त्याला वेष चढवत नाही. अशा वेळी यादीच रिकामी करून सर्वांस मोकळे सोडावे, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी त्या जागी जी सूचना लिहून ठेवली आहे तिचा भावार्थ असा, की असे करणारा वेडाच असला पाहिजे. रखवालदार काढण्याची गरजही नाही. दुवा तयार करतानाच पीएचपीच्या 'रॉ-यूआरएल-एन्कोड' या साधनाने शीर्षकाचे टक्केलेखन केले, की उद्गारचिन्हाचे '%२१' होते आणि यादी न बदलता काम होते. आत आलेला मजकूर मात्र या आवृत्तीत आपण स्वतः एकदा उकलून घ्यावा लागतो.

आतापर्यंतच्या अडचणी जगातील सर्व भाषांना सारख्याच. आता जी सांगावयाची आहे ती खास आपल्यासारख्या लिप्यांची आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तीच होय. पत्त्यात शीर्षक जसेच्या तसे न घालता त्याचे एक आटोपशीर रूप घालण्याची चाल आहे. विरामचिन्हे गाळावयाची, रिकाम्या जागी संयोगचिन्ह द्यावयाचे. या रूपाला 'स्लग' म्हणतात. शब्द छापखान्यातला आहे : लायनोटाइप यंत्रातून शिशाची जी ओतीव ओळ निघे तिला स्लग म्हणत, आणि वृत्तपत्राच्या कचेरीत बातमीच्या आखूड नावालाही तोच शब्द रूढ झाला. जँगोत हे रूप तयार करणारे 'स्लगिफाय' नावाचे साधन आहे. ते मूळ मांडणीत रोमनखेरीज सर्व अक्षरे टाकून देते. 'मराठी' त्याच्या हाती दिले की काहीही उरत नाही. डिसेंबर २०१५ मधील १.९ या आवृत्तीपासून, इतर लिप्यांची अक्षरे राहू द्या, असे त्यास सांगण्याची सोय झाली. सोय पाहून तंत्रज्ञाला वाटते, मराठीचा प्रश्न सुटला. परंतु तसे सांगून 'मराठी' दिले असता उत्तर येते 'मरठ'.

काना गेला, वेलांटी गेली. आपल्याच गावांची नावे या चाळणीतून घातली तर काय होते पाहा. बेळगावचे 'बळगव', इंदूरचे 'इदर', ग्वाल्हेरचे 'गवलहर', बडोद्याच्या 'बडोदे' या नावाचे 'बडद', हैदराबादचे 'हदरबद', पणजीचे 'पणज'. केवळ रूप विद्रूप झाले असते तर एक वेळ चालले असते. पण 'पुणे' आणि 'पाणी' या दोहोंचे 'पण' होते, 'कोकण' आणि 'कंकण' या दोहोंचे 'ककण' होते; म्हणजे दोन ग्रंथांना एकच पत्ता मिळतो. माळव्यातील वाचकांस येथे व्यापाऱ्यांच्या मुडिया लिपीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तिच्यात मात्रा लिहीत नसत. आणि काका अजमेरला गेल्याच्या पत्रावरून काका आज मरून गेल्याचे वाचले गेले, ही गोष्ट तिकडे पोरासोरांस ठाऊक आहे. जी खोड मुनिमांच्या वह्यांबरोबर संपली असे आपण समजत होतो, ती येथे नव्या वाटेने परत आली आहे.

याचे कारण द्वेष नव्हे, वर्गीकरण आहे. युनिकोडने प्रत्येक वस्तूला एक जात लावून दिली आहे. 'क', 'म', 'अ' ही अक्षरे. पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचा पाय मोडण्याची खूण या सर्वांची जात अक्षर नसून 'चिन्ह' अशी आहे, कारण त्या स्वतंत्रपणे उभ्या राहत नाहीत. हे वर्गीकरण चुकीचे म्हणता येणार नाही. आपले व्याकरणही स्वर आणि स्वरचिन्ह वेगळे मानते. चूक पुढे होते. पायथनमध्ये 'शब्दात चालणारी अक्षरे' अशी जी एक तयार कसोटी आहे, तिच्यात अक्षरे, अंक आणि अधोरेषा घेतली आहेत, चिन्हे घेतलेली नाहीत. रोमन लिपीत त्यामुळे काही बिघडत नाही. नागरीत निम्मा शब्द गळून पडतो. 'स्लगिफाय' या कसोटीवर उभे आहे, आणि जँगोत स्लग साठवण्यासाठी जो खास रकाना आहे त्याची तपासणीही त्याच कसोटीवर चालते. म्हणून हाताने 'मराठी' असे शुद्ध लिहून दिले तरी तो रकाना ते नाकारतो.

यावर मार्ग आहे, आणि कोणाही बऱ्या तंत्रज्ञाला तो अर्ध्या दिवसाचा आहे. आपल्या सूचीसाठी स्लग करण्याचे एक छोटे साधन स्वतः लिहून घ्यावे, ज्यात अक्षर आणि अंक या जातींबरोबर चिन्ह ही जातही राखली जाईल. साठवण्यासाठी स्लगचा खास रकाना न घेता साधा मजकुराचा रकाना घ्यावा. मार्गखुणांपैकी 'स्लग' ही खूण फक्त रोमन अक्षरे ओळखते, म्हणून तिच्या जागी 'स्ट्र' वापरावी. आणि आमचा आग्रह असा, की ग्रंथाची ओळख केवळ नावावर सोपवू नये. '/ग्रंथ/127/कोकण' याप्रमाणे दाखल क्रमांक पुढे आणि नाव मागे असावे. ओळख क्रमांकाने पटावी, नाव वाचकासाठी असावे. उद्या नावातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारले तरी जुना दुवा मोडत नाही.

क्रमांक आम्ही येथे मुद्दाम रोमन अंकांत दिला आहे. जँगोची 'इंट' ही मार्गखूण शून्य ते नऊ हे रोमन अंकच ओळखते. पत्त्यात '१२७' असा मराठी क्रमांक लिहिला तर पान सापडत नाही. गंमत अशी की खुद्द पायथनला '१२७' ही संख्या उत्तम वाचता येते. अडवणूक फक्त दारावर आहे. दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारणारी स्वतःची मार्गखूण जँगोत लिहून देता येते आणि ती पाच-सात ओळींची असते.

राहता राहिला 'ऱ'. हे अक्षर बरेचसे आपले स्वतःचे; 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या' यांत ते लागतेच. संगणकावर ते तीन प्रकारांनी लिहिले जाते. युनिकोडमध्ये 'ऱ' ची एक स्वतंत्र जागा आहे. दुसरा प्रकार म्हणजे साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. आणि तिसऱ्यात 'र', पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह देतात. तिन्ही लेखने छापून सारखीच दिसतात. संगणकाला मात्र पहिल्या प्रकारच्या 'वऱ्हाड' मध्ये सहा वस्तू दिसतात, बाकीच्या दोहोंत सात; टक्केलेखनात एकाच्या ५४ खुणा होतात, दुसऱ्यांच्या ६३. एकाने एका कळपाटावर नोंद केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळपाटावर शोध घेतला, की ग्रंथ कपाटात असून सूची 'नाही' म्हणते. पहिल्या दोन प्रकारांची एकवाक्यता करणारी प्रमाणीकरणाची पद्धत युनिकोडनेच दिली आहे आणि ती पायथनमध्ये तयार मिळते. तिसरा प्रकार तिच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी 'असे दिसल्यास पहिल्या प्रकारात बदला' असा नियम स्वतः लिहून घ्यावा लागतो. दोन्ही गोष्टी नोंद साठवतानाही व्हाव्यात आणि पत्त्यातून मजकूर आल्यावर शोधापूर्वीही व्हाव्यात. एकाच बाजूला केल्या तर काही उपयोग नाही.

ज्या संस्थांचे काम चालू आहे त्यांनी ते ताब्यात घेण्यापूर्वी काही नावे आपल्या हाताने सूचीत घालून, दुवा उघडून, शोधून पाहावीत : 'कोकण' आणि 'कंकण' जोडीने, 'वऱ्हाड' तिन्ही प्रकारांनी, 'कथा & कविता', 'कोण म्हणतो टक्का दिला?', 'शांतता! कोर्ट चालू आहे', '१०+२', '१००% निकाल' आणि '१९५६/५७'. प्रत्येकाचे पान उघडले पाहिजे, पानावर नाव तंतोतंत उमटले पाहिजे, आणि त्या पानाचा दुवा दुसऱ्याला पाठवला असता त्याच्याकडेही तेच पान उघडले पाहिजे. छापील अंकात पत्ता द्यावयाचा असेल तेव्हा टक्क्यांची रांग छापू नये; नागरीतच छापावा. वाचकाने तो ब्राउझरमध्ये नागरीत लिहिला की वेष चढवण्याचे काम ब्राउझर करतो.